दमायच्या आधी बस

अगं, सगळ्यांत आधी ही एक गोष्ट ऐक. बाकीचं विसरलीस तरी चालेल, ही विसरू नकोस. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. पोळ्या लाटायला घेतल्यास, चार झाल्या, हात अजून चालतोय, धाप लागलेली नाही, तर तिथेच लाटणं खाली ठेव. उरलेल्या पोळ्या घरातलं दुसरं कोणी करेल, नाहीतर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतील. आपल्याकडे हे कोणी शिकवलेलं नाही, ठाऊक आहे मला. ‘एवढं आटपते आणि मग टेकते’ असं म्हणतच आपल्या आया-आज्यांचे दिवस गेले. पण कोविड होऊन गेल्यावर ज्यांचा थकवा महिनोन्‌महिने हटत नाही, त्यांच्या अंगाची रीतच बदललेली असते. आज केलेल्या कामाचा त्रास आज होत नाही. तो उद्या होतो, परवा होतो. रविवारी पाहुणे आले, तू उभ्याने सगळं केलंस, हसलीस, बोललीस, आणि मंगळवारी अंथरुणातून उठता येईना. मग तू मंगळवारी काय चुकलं ते शोधत बसतेस, पण मूळ रविवारात असतं.

डॉक्टर याला ‘पोस्ट एक्झर्शनल मलेझ’ म्हणतात. आपण श्रमानंतरचं कोसळणं म्हणू. साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी ते येतं, कधी त्याहूनही उशिरा, आणि काही दिवस, कधी काही आठवडे राहतं. तुला कोणी म्हणालं असेल, ‘मनाचे खेळ आहेत, चार पावलं चाल, बरं वाटेल.’ त्यांना सांग की २०२४ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा २५ रुग्णांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि श्रमाच्या आधी आणि नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. श्रमानंतर स्नायूंत इजा वाढलेली दिसली, आणि पेशींतली ताकद तयार करण्याचं कामही मंदावलेलं दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गोष्ट मनाचा खेळ नसते.

मी वॉर्डात आयुष्य काढलं. ताप उतरला, तक्ता सरळ झाला, घरी सोडलं, म्हणजे आजार संपला असं आम्हीही धरून चालायचो. पण साथी अशा संपत नाहीत, आणि हे पुण्याला नवीन नाही. २००६ साली चिकुनगुनिया आला तेव्हा ताप चार-पाच दिवसांत गेला आणि सांधे वर्षभर धरून राहिले. तुझ्या सासूबाईंना विचार, सकाळी तांब्या उचलता येत नव्हता. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले, तेव्हाही पुष्कळांची गोष्ट तशीच होती. आधी दूषित पाण्याने पोट बिघडलं, ते थांबलं, आणि मग पायांतली शक्ती जायला लागली. जंतूशी लढायला उठलेली अंगातली फौज आपल्याच नसांवर उलटली होती. तेव्हा कोणी त्या रुग्णांना ‘जुलाब तर थांबले, आता कसला आजार’ असं म्हणालं नाही. कोविडनंतरच्या दुखण्याला मात्र लोक अजून तसं म्हणतात, आणि मला ते फार लागतं.

महाराष्ट्रातले पहिले दोन कोविड रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले, नायडू रुग्णालयात होते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत जगभरातल्या रुग्णांनी एकमेकांना सांगायला सुरुवात केली की आम्ही बरे झालेलो नाही. ‘लाँग कोविड’ हे नाव एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व संशोधक बाईंनी २०२० च्या मे महिन्यात वापरलं. त्या स्वतः आजारी होत्या. डॉक्टर मागून आले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या केली: लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. थकवा, धाप, विसराळूपणा ही मुख्य. लागण झालेल्या शंभरांतल्या साधारण सहा जणांना हे होतं, असा त्यांचा अंदाज आहे. आणि हे फक्त ऑक्सिजन लागलेल्यांचं दुखणं नाही. घरात बसून, पॅरासिटामॉल आणि वाफेवर ज्यांनी ताप काढला, अशांची संख्या यात मोठी आहे. बायका जास्त आहेत, आणि भर उमेदीच्या वयातल्या.

हे का होतं याचं एकच उत्तर नाही. काहींच्या शरीरात विषाणूचे अंश रेंगाळतात. काहींची प्रतिकारशक्ती भडकलेली राहते, काहींच्या अंगात पूर्वी झोपलेले विषाणू जागे होतात. बारीक रक्तवाहिन्यांना इजा झालेली असते, किंवा नाडी, रक्तदाब, घाम, पचन हे आपल्या नकळत सांभाळणारी मज्जासंस्था बिघडते. एकाच माणसात यातलं दोन-तीन मिळून असू शकतं. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेलं औषध तुला लागू पडेल असं नाही.

आता डॉक्टरांकडे कसं जायचं ते सांगते.

लाँग कोविडची अशी एक तपासणी नाही. पण त्याच्यासारखं दिसणारं, आणि औषधाने बरं होणारं पुष्कळ काही असतं. ते आधी शोधायचं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, मूत्रपिंड, यकृत, डी जीवनसत्त्व आणि बी-१२. बी-१२ विसरू नको. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये पुण्यातल्या आणि आसपासच्या पुरुषांची तपासणी छापली, त्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्ग त्यात सगळ्यांत पुढे होता. म्हणजे आपलीच घरं. बी-१२ ची कमतरता थकवते, मुंग्या आणते, विसरायला लावते. कोविडच्या नावावर ती खपून जायला नको. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर बेडका तपासून घ्यायचा. आपल्याकडे क्षय अजून घरोघरी आहे, आणि कोविडच्या गडबडीत कितीतरी जणांचा तो उशिरा सापडला.

ज्यांना दाखल व्हावं लागलं होतं, स्टिरॉइड दिलं होतं, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. साखर वाढली आहे का ते बघायचं, आणि जांघेत, खुब्यात दुखत असेल, मांडी घालून बसताना कळ येत असेल तर वात म्हणून तेल चोळत बसायचं नाही. स्टिरॉइडनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते खचू शकतं. साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर कळलं तर पुष्कळदा सांधा वाचतो.

धाप लागत असेल तर ईसीजी, टू-डी एको आणि सहा मिनिटं चालण्याची तपासणी मागून घे. बसल्या जागी ऑक्सिजन ९७ दाखवतो आणि चालल्यावर घसरतो, अशी माणसं मी पाहिली आहेत. २०२१ मध्ये घराघरांत घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र अजून कपाटात असेल, त्याच्या बॅटऱ्या बदलून ठेव.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर खट्टू होऊ नको आणि गप्पही बसू नको. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की जे शोधलं ते सापडलं नाही. तेव्हा डॉक्टरांपुढे एक कागद ठेव. एकच, दोन नाहीत. कोविड कधी झाला, त्याआधी तू दिवसभरात काय काय करायचीस, आता काय करता येत नाही, आणि काय केल्यावर किती तासांनी कोसळतेस. ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणालीस तर टॉनिक मिळेल. ‘अर्धा तास उभं राहून स्वयंपाक केला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहावं लागतं’ असं सांगितलंस तर डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतील. ऐकत नसतील तर दुसरे बघ. यात अपमान कोणाचाच नाही.

मात्र काही गोष्टींना कागद आणि अपॉइंटमेंट नाही. छातीत दुखणं, अचानक वाढलेली धाप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, अंगाची एक बाजू ढिली पडणं, भोवळ येऊन पडणं. यातलं काही झालं की १०८ ला फोन. ‘हे त्या लाँग कोविडचंच असेल’ म्हणून घरी थांबायचं नाही.

आता पुन्हा त्या बसण्याकडे येते, कारण खरा उपचार तिथे आहे आणि तोच सगळ्यांत अवघड आहे. जून कोरडा गेला की आपण पुणेकर रोज पेपरात बघतो, खडकवासल्याच्या साखळीत किती टीएमसी पाणी उरलं. साठा कमी असला की पाऊस पडेल या भरवशावर कोणी धरण मोकळं करत नाही, आहे ते जुलैअखेर पुरवायचं असतं. तुझ्या अंगातल्या ताकदीचं असंच धर. बरं वाटलं त्या दिवशी सगळं सोडून द्यायचं नाही. घात नेमका बऱ्या दिवसांनीच होतो. वाईट दिवशी माणूस आपसूक पडून राहतो. बऱ्या दिवशी वाटतं, चला, कपाट लावू, मंडईत जाऊन येऊ, राहिलेले फोन करू.

दोन-तीन आठवडे एक वही ठेव. काय केलं, किती वेळ, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. डोक्याचं कामही लिही. ऑफिसची तासभराची मीटिंग, मुलाचा अभ्यास घेणं, नणंदेशी फोनवरचा वाद, हे सगळं श्रमच आहेत. लग्नकार्यातला गोंगाटही. वहीत तुला तुझी रेघ दिसेल, की इतकं केलं तर सोसतं आणि त्यापुढे गेलं की कोसळणं येतं. मग त्या रेघेच्या बऱ्याच अलीकडे राहायचं. नाडी मोजायचं घड्याळ असेल तर काही जण अशी खूण धरतात: सकाळी उठण्यापूर्वीची जी नाडी, तिच्यावर पंधरा ठोके. त्यापुढे गेली की हातातलं काम थांबवायचं. नियम ढोबळ आहे, पण अंगाला कळायच्या आधी ते घड्याळाला कळतं.

घरातली सोय बदल. ओट्याशी उंच स्टूल ठेव, भाजी, फोडणी सगळं बसून. भाजी निवडायची ती पलंगावर पाठीला उशी लावून. लसूण सोललेला आण, त्यात कसलीही लाज नाही. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल हवंच, कारण उभ्याने कढत पाण्याची आंघोळ हे तुझ्यासारखीला दिवसातलं सगळ्यांत दमवणारं काम असतं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. केस धुण्याचा दिवस आणि बाहेर जाण्याचा दिवस एक ठेवू नको. गाद्या घालणं, वाळत घालणं, जिन्याने वर-खाली करणं इतरांकडे दे. कामाच्या मध्ये दहा मिनिटं आडवी हो, डोळे मिटून, मोबाइल लांब ठेवून. मोबाइल बघत पडणं ही विश्रांती नाही.

टेकडीचं सांगते, कारण पुण्यात प्रत्येकाच्या तोंडी तेच औषध असतं. ‘वेताळ टेकडीवर जा, पर्वती चढ, स्टॅमिना येईल.’ ज्यांचं दुखणं नुसतं अशक्तपणाचं आहे, फुप्फुसाला मार बसला होता पण श्रमानंतर कोसळणं होत नाही, त्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या व्यायामाचा फायदा होतो, चांगला होतो. ज्यांना कोसळणं येतं त्यांना तोच व्यायाम मागे नेतो. असंच कोसळणं असणारा एमई/सीएफएस नावाचा जुना आजार आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यासाठीचा ठरावीक दराने वाढवत न्यायचा व्यायाम शिफारशीतून काढूनच टाकला. तेव्हा तू कोणत्या गटात आहेस ते वहीवरून आधी कळू दे, मग टेकडी. सध्या सोसायटीच्या अंगणात एक फेरी, आणि ती सोसली आहे हे दोन दिवस थांबून बघितल्यावर पुढची. महिनाभर एकच फेरी राहिली तरी राहू दे.

तुला उठल्यावर छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणालीस, ते वेगळं तपास. सकाळी दहा मिनिटं शांत आडवी राहून नाडी मोज. मग भिंतीला टेकून उभी राहा आणि दर मिनिटाला मोज, दहा मिनिटं. घरात कोणी जवळ असतानाच कर, आणि चक्कर आली की लगेच बस. नाडी तीस किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल आणि रक्तदाब फारसा घसरत नसेल, तर डॉक्टरांना तो आकडा दाखव. याला पॉट्स म्हणतात, कोविडनंतर हे बऱ्याच जणांना झालं आहे. कितीतरी बायकांना यावर ‘घाबरतेस तू’ एवढंच ऐकायला मिळालं. यावर उपाय आहेत. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, एकदम न पिता विभागून. डॉक्टर हो म्हणाले तर मीठ थोडं जास्त. तुझा रक्तदाब ठीक असला तरी विचारल्याशिवाय नाही, आणि घरात कोणाला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांच्या ताटात तर नाहीच नाही. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे. उठताना आधी पाय हलवायचे, मग पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं खायचं. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पडायचं नाही. एवढ्याने भागलं नाही तर नाडी आवरणाऱ्या गोळ्या असतात, त्या हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

श्वासाचं थोडक्यात. कपालभाती आणि भस्त्रिका सध्या बंद. जोराचा श्वास तुला दमवेल. एक हात पोटावर, एक छातीवर, आणि पोटावरचा हात हलेल असा संथ श्वास. सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. योग आपल्या दाराशीच आहे, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासूनचं, आणि पुण्यात अय्यंगारांची संस्था. लोड, उशा, पट्टे लावून शरीराला आधार देत करायची आसनं अय्यंगारांच्या पद्धतीत आहेत. शिक्षकांना आधी आजार सांगायचा आणि तेवढीच मागायची. सूर्यनमस्कार नंतर कधीतरी.

डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, शब्द आठवत नाहीत, दूध उतू जातं. त्यावर उपाय रोखठोक आहेत. गॅसवर काही ठेवलं की मोबाइलवर गजर लाव. एका वेळी एकच काम. सकाळी ज्या तासात डोकं साफ असतं त्यात बँकेची, सहीची कामं. आणि धुक्याच्या दिवशी दुचाकी काढायची नाही. सिंहगड रोडची गर्दी तुझ्या बऱ्या दिवशीही परीक्षा बघते. रिक्षा कर.

वासाचं. तुझ्या जावेला अजून नीट वास येत नाही, कांदा परतला की सडल्यासारखा वाटतो म्हणत होती. तिला सांग, नाकाला शिकवावं लागतं. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत दाखवली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद, लक्ष देऊन, तो वास पूर्वी कसा होता ते आठवत. निदान तीन-चार महिने. चारही वस्तू आपल्या घरात असतात. खरी काळजी वेगळी आहे. वास न येणाऱ्या माणसाला गळणारा गॅसही कळत नाही. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावावी, गॅस गळतीचा गजर बसवून घ्यावा, आणि शिळं अन्न वासावर न सोडता तारखेवर टाकून द्यावं.

औषधांबद्दल तू आशेने विचारतेस. पोरी, लाँग कोविड मुळातून बरा करणारी गोळी आजच्या घडीला नाही. पॅक्सलोविड ही कोविडची गोळी पंधरा दिवस देऊन स्टॅनफर्डमध्ये पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. मेटफॉर्मिन, ही आपली साखरेची साधी गोळी, लागण झाल्याबरोबर दिली तर पुढे लाँग कोविड होण्याचं प्रमाण बरंच कमी झालं, असं अमेरिकेतल्या एका चाचणीत २०२३ मध्ये दिसलं. पण तो लागणीच्या पहिल्या दिवसांतला आणि वजन जास्त असलेल्या लोकांमधला उपयोग, आता घेऊन तुझं काही होईल असं त्यातून निघत नाही. आता उपचार करायचा तो एकेका लक्षणाचा: झोप, डोकेदुखी, नाडी, ॲलर्जी, अंगदुखी. झोप सुधारली तरी पुष्कळ सुधारतं. आणि बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. काहींचं वर्षांवर जातं, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

म्हणून जो कोणी महागड्या सलाइनने, रक्त ‘साफ’ करून, एका कोर्समध्ये बरं करतो म्हणेल, त्याला लांबून नमस्कार. काढ्यांचंही तारतम्य ठेव. गुळवेल आपण किती विश्वासाने घेतली. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतलेल्यांमध्ये यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. वैद्यांकडे जरूर जा, पण अंगणातून तोडून रोज उकळून पिणं म्हणजे वैद्यकी नव्हे. आणि जे काही घेतेस ते दोन्हीकडे सांग, वैद्यांना गोळ्या आणि डॉक्टरांना चूर्ण.

जावईबापूंना माझा निरोप दे. तिला ‘आज बरी दिसतेस’ म्हणू नका. ‘आज काय करू नकोस?’ असं विचारा. तिने सांगायच्या आधी डबे भरा. कोणी भेटायला येणार असेल तर अर्ध्या तासाने तुम्हीच विषय आवरता घ्या, पाहुण्यांना उठवायची वेळ तिच्यावर आणू नका. सासूबाईंना चिकुनगुनियाची आठवण द्या, त्यांना चटकन समजेल. वयस्क माणसाला दुखण्याचं नाव नवं वाटतं, दुखणं ओळखीचं असतं. आणि मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला कळेल तेवढं. आई रागावलेली नाही, आईची ताकद संपली आहे, हे त्याला कळायला हवं. या दुखण्यात मन खचतं तेही खरं. त्यासाठी समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे गेलीस तर आजार मनाचा ठरत नाही. हाड मोडलेला माणूसही रडतो.

ऑफिसला लपवू नको. डॉक्टरांकडून कागदावर ‘पोस्ट कोविड-१९ कंडिशन’ असं स्पष्ट लिहून घे. त्याचा आंतरराष्ट्रीय कोडही आहे, यू०९.९, तोही टाकायला सांग. एचआरला आकडा कळतो. रजा मागण्यापेक्षा तास कमी मागणं पुष्कळदा सोपं पडतं. हिंजवडीची ये-जा टळली तरी तुझी निम्मी ताकद वाचेल. दोन मीटिंगांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी, आणि कॅमेरा बंद ठेवून आडवं पडून ऐकायची मुभा. पुन्हा पूर्णवेळ जाण्याची तारीख आत्ताच देऊन बसू नको.

शेवटचं, पुन्हा लागण होऊ देऊ नको. प्रत्येक लागण नव्याने जोखीम आणते. लस घेतलेल्यांमध्ये हे दुखणं कमी दिसतं, तेव्हा पुढचा डोस घ्यायचा का ते डॉक्टरांना विचार. दवाखान्यात, लोकलमध्ये, गणपतीच्या गर्दीत नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लाव, कोणी हसलं तर हसू दे. घरात पाहुणे असले की खिडक्या उघड्या. ताप किंवा घसा धरला तर पहिल्याच दिवशी तपासणी, आणि ताप उतरला तरी त्यानंतर निदान आठवडाभर काही काम नाही. त्याच दिवशी मला फोन कर, दोन्ही वेळचा डबा मी पाठवीन.